थोरलीच्या मापाचं झंपर

झंपर उसवायला घेतलं की आधी वास येतो, टाका मागनं दिसतो. कुणाच्या घरी ओलं जळण आहे, कुणाची ट्रंक ओल धरते, कोण बाळंतीण आहे, हे शिंप्याला कुणी न सांगता कळतं. डॉक्टरला नाडीतनं कळतं तेवढं नसेल, पण त्याच्या खालोखाल कळतं. आणि कळलं तरी तोंड मिटून बसायचं, हे माझ्या वस्तादानं मला पहिल्या दिवशी शिकवलं. "नामू, कपडा बोलंल, तू बोलू नको." वस्तादाच्या सगळ्या शिकवणींपैकी ही एक मी अगदी मन लावून पाळली. नसती पाळली तर बरं झालं असतं.

दिवाळी अंकाच्या मंडळींनी सांगितलं, जुन्या काळच्या फ्याशनी आणि त्यातल्या गमती लिहा. लिहितो. पण त्यातली एक गंमत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगणं मला खोटं वाटतं.

माझं दुकान बेळगावाजवळच्या शहापुरात, विणकरांच्या गल्लीच्या तोंडाला. दुकान कसलं, सहा फुटांची ओसरी, एक पायानं चालवायचं मशीन, एक फळी आणि एक कोळशाची इस्त्री. समोर हातमाग, मागं हातमाग. उजाडल्यापासनं खटाक् खटाक् सुरू, दुपारी जेवायला तेवढा बंद. गल्लीत दिवसाला लुगडी उतरायची आणि ती विणणाऱ्यांच्या बायका जुनेरं नेसून सुताच्या कांड्या भरत बसायच्या. वर्षातनं एक नवं लुगडं मिळालं तर मिळालं. पण म्हणून हौस नव्हती म्हणता? सोडा हो!

बेळगावात क्यांप, क्यांपात मडमा, गावात सिनेमाचं थेटर. तिथं काही नवं दिसलं की पंधरा दिवसांत शहापुरात यायचं आणि महिन्यात येळ्ळूर-सांबऱ्याला पोचायचं. आधी पुढं गाठ मारायची चोळी होती. मग झंपर आलं. झंपराला फुग्याच्या बाह्या आल्या, फुगे वाढत कानाला लागायला आले. मग अंगासरशी तंग झंपराची टूम निघाली. प्रत्येक टूम माझ्या ओसरीवर यायची ती जुनेराच्या गाठोड्यात बांधून. "शिंपीआण्णा, यातनंच बसवा." आणि मी बसवायचो. लुगडं फाटलं तरी काठ धड असतो, तो बाह्यांना. जुनं धोतर अस्तराला. आईच्या दोन चोळ्यांतनं लेकीचं एक झंपर. माझ्या दुकानात चिंधी म्हणून काही नव्हतं, आणि याचा मला आजही गर्व आहे. नवं कापड फाडून कुणीही शिवेल.

सांबऱ्याच्या एका नवरीला फुगे पाहिजे होते ते थेट पोस्टरावरच्या नटीएवढे. फुगा उभा राहायला आत खळ लावलेलं मलमलीचं कापड घालतात. ते नव्हतं. मी घातला वर्तमानपत्राचा कागद. माळ घालायला पोरीनं हात वर केले आणि असा कुरकुराट झाला, की भटजी मंत्र अर्ध्यावर सोडून बघायला लागले. नणंदांनी तिचं नाव 'कुरमुऱ्याची पिशवी' ठेवलं. मला वऱ्हाडानं जेवायला बोलावलं होतं, मी मागच्या दारानं पसार झालो.

आणि कोटाची एक. कोट विटला की उलटवायचा, हे त्या काळचं मोठं काम. सगळा उसवायचा, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचा. कोट नव्यासारखा होतो, फक्त छातीचा खिसा डावीकडचा उजवीकडे जातो. कचेरीतले एक कारकून ते बघून रडकुंडीला आले. मी म्हटलं, "रावसाहेब, त्यात रुमाल खोचा आणि मुंबईची नवी टूम आहे म्हणून सांगा." दोन महिन्यांनी त्याच कचेरीतला दुसरा कारकून धडधाकट नवा कोट घेऊन आला. म्हणे, "खिसा उजवीकडं करून द्या." मी केला. लोकांना जे पाहिजे ते द्यायचं आणि गप बसायचं. बघा, गप बसायची सवय अशी हसत हसत लागते.

आता मापाची रीत सांगायला पाहिजे. बाईमाणसाच्या अंगाला शिंप्यानं फीत लावायची, हे आमच्याकडे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाई आली तरी पायरीवर, पदर सावरून. मापाला यायचं ते तिचं जुनं झंपर. ते फळीवर पसरायचं, बाहेरनं फीत लावून छाती, खांदा, मुंढा बघायचा आणि त्यावरनं नवं बेतायचं. अंगाकडं बघायचं नाही. शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड ठेवायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. बाई अंगानं सुटली तर टीप उसवून सैल करता येतं. मापाचं झंपर आतनं उलटून बघायची गरज कुणालाच पडत नसे.

गल्लीत चार घरं सोडून गंगाक्काचं घर. विधवा बाई, जिभेची तिखट, हाताची उदार. तिचा मुलगा म्हादू मागावर बसायचा. त्याची पहिली बायको शेवंता. लग्न होऊन आली तेव्हापासनं तिची झंपरं मीच शिवलेली. चार-पाच वर्षं नांदली, मग तिला बारीक ताप यायला लागला. कोण म्हणे दृष्ट, कोण म्हणे छातीचा रोग. गेली बिचारी. गंगाक्कानं सुनेसाठी असा आकांत केला, की लोक म्हणाले, पोटच्या लेकीसाठी कुणी एवढं रडत नाही.

वर्षानं म्हादूचं दुसरं लग्न झालं. मुलगी येळ्ळूरची, शेतकऱ्याची, नाव तानी. अंगानं भरलेली, दोन घागरी एकदम घेऊन पळणारी. आली ती गाठीची चोळी घालून आणि हसत. गल्लीनं तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागं कुजबूज सुरू केली, की शेवंता तरणीताठी गेली, जीव संसारात अडकलेला, ती दुसरीला सुखानं नांदू द्यायची नाही.

आमच्याकडे रीत अशी, की दुसरेपणाच्या बायकोनं गळ्यात सवतीचा टाक घालायचा. चांदीचा पातळ पत्रा, रुपयाएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. ती थोरली. नवं लुगडं, नवं झंपर काही आलं तरी आधी टाकापुढं ठेवायचं, थोरलीनं नेसलं असं धरायचं, मग धाकटीनं अंगाला लावायचं. गंगाक्काच्या घरी तर जेवणाच्या वेळी टाक काढून पाटावर ठेवत आणि पहिलं ताट थोरलीला वाढत. ते ताट मग गाईला जाई.

लग्नानंतर महिनाभरानं गंगाक्का माझ्या ओसरीवर आली. शेवंताचं एक जुनं लुगडं फळीवर ठेवून म्हणाली, "नामू, यातनं नव्या सुनेला झंपर बेत. फुग्याचं."

"गंगाक्का, तुमी आणि फुगे? सूर्य पच्छिमेला उगावला म्हणायचा!"

"थोरलीला हौस हुती." तिनं पदराखालनं मापाचं झंपर काढलं. "ह्ये माप."

हिरव्या खणाचं झंपर. हातात घेतलं आणि ओळखलं. मुंढ्याच्या खाली मी प्रत्येक झंपराला हातानं तीन आडवे टाके घालतो, ते होते. डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा, काढ्याचा.

"ह्ये शेवंताचं न्हवं?"

"तिचंच."

"आणि ह्येच माप? आक्का, पोरगी येळ्ळूरची, अंगानं जरा..."

"ह्येच माप म्हंटलं न्हवं? शिव तू."

मी फळीवर ते पसरलं, बाहेरनं फीत लावली. बाजूची शिवण बोटाला जाड लागली होती, हे मला आजही आठवतं. मी लक्ष दिलं नाही. शिवलं आणि दिलं.

आठ दिवसांनी तानी पायरीवर उभी. झंपर घातलेलं, बगलेत टाके ताणून पांढरे पडलेले.

"आण्णा, जरा सैल करून द्या. श्वासच घ्यायला येत न्हाय बगा."

"द्यायचं की. माया ठेवल्या मी आत. काढून आण, चार टाक्यांचं काम." मी कात्री उचलली, तोवर पाठीमागनं गंगाक्का आली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "बसंल ती त्यात." सुनेला घरी पाठवलं आणि स्वतः पायरीवर टेकली. तिचा आवाज एकदम लहान झाला.

"नामू, लोक काय बोलूलालेत ते तुज्या कानावर हाय. थोरली हिला न्हेणार म्हणूलालेत. एक सून मी हातानं पोचवली रं. ही थोरलीच्या कपड्यात बसली, तिच्या मापाची झाली, की थोरली हिला आपलीच म्हनंल. मग न्यायची न्हाय."

ती छळ करत नव्हती, हे समजून घ्या. ती पोरीला वाचवत होती. आणि मी, ज्याला कापडातलं कळतं म्हणून मी एवढा मिरवतो, तो कात्री फळीवर ठेवून म्हणालो, "बरं आक्का."

दुसरं महायुद्ध वाढलं. कापडाला कंट्रोल आला, जोंधळ्याला कंट्रोल आला, सूत मिळेना म्हणून निम्मे माग बंद पडले. माझं काम मात्र वाढलं, कारण आता अख्ख्या बेळगावलाच जुनेरातनं फ्याशन काढायची पाळी आली. त्या गडबडीत तानी बरेच दिवस मला दिसली नाही.

एक दिवस भर दुपारी मी दुकानाच्या पायरीवर हात धुवत होतो. माग थांबलेले, गल्ली रिकामी, ऊन पांढरंफटक. चार घरांपलीकडनं एक बाई घागर घेऊन निघाली. माझ्याकडं पाठ. बारीक पाठ, खांदे पुढं ओढलेले, मान जराशी डावीकडं. मी शिवलेलं झंपर मी पाठीवरनं ओळखतो आणि त्यातलं माणूसही. ती शेवंता होती. माझ्या हातातला तांब्या पायरीवर पडला. आवाजानं ती वळली.

"काय झालं आण्णा?"

तानी होती. पण हसणारी ती पोर नव्हती. गालाची हाडं वर आलेली, आणि गळ्यातला टाक तेवढा चकचकीत, जसा काय तिच्या अंगातलं तेज त्यानंच ओढून घेतलं असावं.

पुढच्या बाजाराला ती हूक लावून घ्यायला आली आणि पायरीवर बसली. बसायचं कारण नव्हतं, उभं राहवत नव्हतं म्हणून बसली. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "झंपर बसतंय न्हवं आता?"

"बसतंय." थोरलीला ती आक्का म्हणायची. तिच्याबद्दलच म्हणाली, "आण्णा, एक इचारू? आक्काच्या टाकापुडनं झंपर उचललं की ते गरम का लागतंय?"

"गरम?"

"कुणी आत्ताच अंगातनं काढून ठेवल्यावानी."

मी तिच्या हातातनं झंपर घेताना तिची बोटं लागली. बर्फ. म्हटलं, "पोरी, तुजे हात गार हाईत, म्हणून गरम लागतंय. जेवतेस का न्हाय?"

"आदी आक्कांचं ताट. त्या जेवल्या की मग मी."

वातावरण हलकं करायला मी म्हणालो, "मग? तुज्या आक्का जेवतात तरी किती?"

ती हसली नाही. अगदी शांतपणे, शेजारणीचं सांगावं तसं म्हणाली, "लई जेवत्यात आण्णा. माज्यापुरतं थोडंच ऱ्हातंय."

रेशनचं मोजकं धान्य, त्यातलं पहिलं भरलेलं ताट थोरलीला, म्हणजे गाईला. दुसरं म्हादूला, मागावर बसणाऱ्याला उपाशी कसं ठेवायचं? राहिलेल्यात सासू आणि सून, आणि सुनेला तर मापात बसायचं. एवढं मला तिथल्या तिथं कळलं. कळून मी काय केलं? हूक लावून दिला.

श्रावणात ती पुन्हा आली. हातात तेच हिरव्या खणाचं मापाचं झंपर.

"सासूबाईंनी सांगिटलंय, नवं कापड मिळत न्हाय. ह्येच उसवा, फुगे लावा आन् मला द्या. मापाचं काम झालं म्हनाल्या. मी बसले मापात."

तिनं गाठोडं फळीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं. एक पाय पायरीवर, एक खाली, हात चौकटीला. आणि जाता जाता म्हणाली, "आण्णा, दोन बोटं आत घ्या."

माझ्या हातातली सुई थांबली. हेच शब्द. हीच पायरी, हाच हात चौकटीला. शेवंता अशीच आली होती, ताप सुरू झाला तेव्हा, याच झंपरासाठी. "आण्णा, दोन बोटं आत घ्या." मी घेतली होती. दोन महिन्यांनी परत आली, परत तेच म्हणाली, परत घेतली. ती दोन्ही वेळा एकटी आलेली, गल्लीत कुणी नसताना. तानी तेव्हा येळ्ळुरात आपल्या बापाच्या शेतात होती, तिनं शेवंताला कधी बघितलंही नव्हतं.

"ह्ये तुला कुणी शिकवलं, असं म्हणायला?"

"काय?"

"दोन बोटं आत घ्या म्हणून."

"कुणी न्हाय. तोंडात आलं."

ती गेल्यावर मी झंपर उलटं केलं आणि बाजूची टीप उसवायला घेतली. दुपार होती, गल्ली चिडीचूप. माझ्या कात्रीच्या टोकाचा आवाज मला मोठा वाटत होता. टीप निघाली, आतलं कापड उलगडलं. बाहेरचं हिरवं विटून वाळल्या गवतासारखं झालेलं, आतलं मात्र गर्द, कालच माग सोडून आल्यासारखं. दोन बोटं नाही, चार नाही, सहा बोटं कापड आत दडलेलं. आणि त्यावर सुईच्या भोकांच्या ओळी. एक, मी आत्ता उसवलेली. तिच्या बाहेर दुसरी. आणि सगळ्यात बाहेर तिसरी, पहिली, शेवंता लग्न होऊन आली तेव्हा मी मारलेली.

भोकं बुजत नाहीत. टाका निघतो, भोक राहतं. मी त्या बाहेरच्या ओळीला फीत लावली आणि पुन्हा लावून बघितली. थोरली अशी होती. तानी येळ्ळूरहून आली तेव्हा जशी होती, अगदी तशी, बोटाचाही फरक नाही. आम्ही ज्याला थोरलीचं माप म्हणत होतो, ते शेवंताचं नव्हतं. मरायच्या आधीच्या दिवसांतल्या अंगाचं माप होतं ते. त्या मापात आम्ही एक धडधाकट पोर ओवत होतो, गंगाक्का तिकडनं आणि मी इकडनं. आणि पोर आता त्याच्याही पलीकडं निघाली होती.

बोलावल्याशिवाय शिंपी गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही. मी मशीनवर कापड टाकलं, उसवलेलं झंपर काखेत घेतलं आणि गंगाक्काच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो. आत पाटावर टाक ठेवलेला, पुढं भाकरी आणि आमटीचं ताट. ताटामागं भिंतीला टेकून तानी बसलेली, वाट बघत.

"काय रं नामू? हिकडं कसा?"

"आक्का, ह्ये बगा." मी झंपर तिच्या पुढ्यात पसरलं. "ह्ये माप चुकीचं हाय."

"चुकीचं कसं? थोरलीचं हाय ते."

"थोरलीचं हाय, पण आजारी थोरलीचं. ही भोकं दिसत्यात? ह्यो टाका शेवटचा. ह्यो त्याच्या आदीचा. आणि ह्यो पयला, तुमी वाजतगाजत आणलीसा तवाचा. शेवंता एवढी हुती, आक्का. मी आत घेतलंय. दोन डाव."

गंगाक्कानं बोट त्या भोकांवरनं फिरवलं. बाहेरच्या ओळीवर, मग मधल्या, मग आतल्या. पुन्हा बाहेरच्या. आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसं. मग झंपर उचललं आणि तानीला म्हणाली, "ऊठ." तिच्या अंगाला ते उसवलेलं कापड लावून बघितलं. दोन्ही बाजूंनी लोंबत होतं.

"तू आलीस तवा ह्येच्याएवडी हुतीस," गंगाक्का म्हणाली. "माजी शेवंता बी एवडीच हुती. इसरले गं मी. तिचं शेवटचं अंग तेवडं डोळ्यात ऱ्हायलं."

"सासूबाई, आक्कांचं जेवण ऱ्हायलंय," तानी हळूच म्हणाली. तिची नजर ताटावर होती. तिला खरोखरच कुणीतरी जेवताना दिसत असावं, अशी.

गंगाक्का वाकली. पाटापुढचं ताट उचललं आणि तानीच्या हातात दिलं. टाकाकडं बघून म्हणाली, "शेवंते, तुजी भूक ही न्हवं बाई. मला ठावं हाय." मग सुनेला म्हणाली, "खा."

तानीनं आधी टाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग तिला रडू फुटलं आणि रडत रडत तिनं ती अख्खी भाकरी संपवली. मी मेल्यासारखा उंबऱ्यावर उभा होतो. भाकरी चावल्याचा आवाज इतका मोठा असतो, हे मला माहीत नव्हतं.

तानी जगली, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला घोर लागेल. गंगाक्कानं तिला तीन महिने येळ्ळूरला माहेरी ठेवलं आणि पुढं तिला दोन मुलगे झाले. टाक तिनं गळ्यातनं कधी काढला नाही. म्हणायची, "आक्कानं माजं काय वाकडं केलं?" नवं झंपर टाकापुढं ठेवायचीच. पण ते गरम लागलं, असं पुन्हा म्हणाली नाही.

त्या शब्दांचं मात्र मला अजून उमगलेलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, थोरली धाकटीला न्यायला आली होती. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, ती माझ्याकडं आली होती. त्याच पायरीवरनं तेच सांगायला, पहिल्या दोन वेळा जे मी ऐकलं नाही ते. तुम्ही याला शिंप्याचं खूळ म्हणा.

त्या दिवशी मी निघालो, तेव्हा गंगाक्का दारापर्यंत आली. तानी आत दुसरी भाकरी खात होती. गंगाक्काच्या हातात ते उसवलेलं झंपर तसंच होतं.

"नामू," ती म्हणाली, "शेवंता एकटीच आलती व्हय तुज्याकडं? आत घ्यायला?"

"व्हय."

"दोन डाव?"

"व्हय, आक्का."

"मला तिनं कळू दिलं न्हाय. पदरात गुंडाळून असायची, वाळली ते ध्यानात आलं तवा लई उशीर झालता. पर तुला तर कळलं हुतं. तुज्या हातानं घेतलास आत." ती रागावलेली नव्हती. नुसतं विचारत होती. "तवा का न्हाय बोललास रं?"

खोटं सांगता आलं असतं. वस्तादाची शिकवण सांगता आली असती, बाईमाणसाला कसं विचारायचं, म्हणता आलं असतं. पण तिच्यापुढं ते तोंडाला येईना.

"तवा तंग झंपराची फ्याशन आलती, गंगाक्का," मी म्हणालो. "सगळ्याच बायका आत घ्या म्हणत हुत्या. मला वाटलं, हिलाबी हौस आली."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालील, आणि घातल्या असत्या तर मी उभ्यानं खाल्ल्या असत्या.

"हौस," गंगाक्का म्हणाली आणि आत भाकऱ्या थापायला गेली.